आपला ‘णे’, त्यांचा ‘इंग’

मिरा रोड किंवा भाईंदर स्थानकावर तहान लागलेला माणूस नळाकडे वळतो, तेव्हा इंग्रजी व्याकरणातलं एक अवघड समजलं जाणारं प्रकरण त्याच्या डोळ्यांसमोर तीन भाषांत लिहिलेलं असतं : ‘पिण्याचे पाणी’, ‘पीने का पानी’, ‘ड्रिंकिंग वॉटर’. पाणी काही पीत नसतं, म्हणून ‘ड्रिंकिंग वॉटर’चा अर्थ ‘पिणारं पाणी’ असा कुणी लावत नाही. ‘पिणे’ या क्रियेला इथे नाव म्हणून वापरलंय, आणि ते नाव पाण्याला जोडलंय. इंग्रजी व्याकरण याला जेरंड म्हणतं. आपल्या व्याकरणात त्याला धातुसाधित नाम म्हणतात.

स्थानकाबाहेर पडलं की असे शब्द मोजता येऊ नयेत इतके भेटतात. ड्राय क्लीनिंग, टेलरिंग, वेल्डिंग, कोचिंग, नो पार्किंग. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तिथे बफिंग आणि पॉलिशिंग हे रोजच्या बोलण्यातले शब्द. शाळेत इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसलेला माणूस पुढे ‘वेल्डिंगला दोन दिवस लागतील’ असं बेधडक सांगतो, आणि त्यात एकही चूक नसते. या शब्दांना आपण आपल्या विभक्त्या लावल्या, लिंगंही वाटून दिली. मीटिंग झाली, पण ट्रेनिंग झालं. बॅटिंग केली, पण शूटिंग केलं. फिल्डिंग तर मैदान सोडून राजकारणात गेली. तिकिटासाठी आता ती दिल्लीत लावतात. अर्ध्या ग्लासातल्या चहाला ‘कटिंग’ म्हणणं ही मुंबईची स्वतःची भर, लंडनला तिचा पत्ता नाही.

मग अडतं कुठे? नोकरीच्या अर्जात, मुलाखतीत आणि ऑफिसच्या ईमेलमध्ये. आणि अडतं ते इथल्या सगळ्यांचंच. कोळी आणि आगरी गावठाणं, उत्तनची ख्रिस्ती वस्ती, गुजराती आणि मारवाडी व्यापारी, उत्तरेकडून आलेले कामगार, मुंबईत घर परवडेना म्हणून दहिसरचा नाका ओलांडून आलेली मराठी कुटुंबं असं मिरा-भाईंदर शहर आहे. रस्त्यावर कुठली भाषा बोलायची यावरून जुलै २०२५ मध्ये इथे व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला आणि पाठोपाठ मराठीजनांचाही. इंग्रजीविरुद्ध मात्र कुणी मोर्चा काढला नाही, कारण सगळ्यांचीच मुलं तिच्या शिकवणीला जातात. इंग्रजीच्या जोरावर इथे नोकऱ्या मिळतात आणि क्वचित गुन्हेही होतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या ज्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथून अमेरिकेतल्या लोकांना ‘आम्ही करखात्यातून बोलतोय’ असं धमकावणारे फोन जात होते.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी पाचवीपासून होती. पण पहिलीपासून असो वा पाचवीपासून, जेरंड शिकवला जातो तो बहुतेक वेळा व्याख्येतून आणि ‘अधोरेखित करा’ या प्रश्नातून. शिकणाऱ्याच्या घरी हीच वस्तू आधीपासून आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. हा लेख तेवढंच सांगण्यासाठी आहे : जेरंड मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, ओळखून दाखवावा लागतो. एवढंच नव्हे, तर इंग्रजी जिथे गोंधळते तिथे मराठी स्पष्ट असते.

इंग्रजीची अडचण अशी की एका ‘इंग’वर ती चार कामं ढकलते. ‘स्विमिंग’ हा शब्द घ्या. ‘स्विमिंग इज गुड’ म्हणजे पोहणं चांगलं. ‘शी इज स्विमिंग’ म्हणजे ती पोहते आहे. ‘द स्विमिंग बॉय’ म्हणजे पोहणारा मुलगा. ‘स्विमिंग अलोन, ही गॉट टायर्ड’ म्हणजे एकटा पोहता पोहता तो दमला. आपल्याकडे पोहणं, पोहते, पोहणारा, पोहता पोहता असे चार वेगळे साचे आहेत, आणि पहिलीतलं पोरही त्यांची अदलाबदल करत नाही. इंग्रज विद्यार्थ्याला मात्र ‘यातला जेरंड कुठला आणि पार्टिसिपल कुठला’ हे डोकं खाजवून शोधावं लागतं. तुम्ही वाक्य मनात मराठीत म्हणा. ‘णं’ किंवा ‘ण्या’ आलं तर जेरंड. ‘णारा’, ‘लेला’, ‘त’, ‘ता’ आलं तर पार्टिसिपल, म्हणजे बाकीच्या तीन कामांचा ‘इंग’. ‘वॉकिंग स्टिक’ ही चालण्याची काठी, ‘वेटिंग रूम’ ही थांबण्याची खोली, ‘स्लीपिंग बॅग’ ही झोपण्याची पिशवी, सगळे जेरंड. ‘स्लीपिंग चाइल्ड’ मात्र झोपलेलं मूल. तिथे ‘झोपण्याचं मूल’ म्हणून पाहा, वाक्यच हसेल.

भाषाशास्त्रज्ञांना दुहेरी अर्थाची वाक्यं फार आवडतात. तसं एक आपण आपल्या लोकलवरून करू : ‘रनिंग ट्रेन्स कॅन बी डेंजरस.’ गाड्या चालवणं धोक्याचं ठरू शकतं, की धावत्या गाड्या धोक्याच्या ठरू शकतात? इंग्रजीत दोन्ही. मराठीत तुम्हाला एक बाजू निवडावीच लागते. ‘कॅन बी’ काढून टाकलं तर इंग्रजीलाही निवडावं लागतं : ‘रनिंग ट्रेन्स इज’ म्हटलं की चालवणं, ‘आर’ म्हटलं की गाड्या. कारण कर्ता झालेला जेरंड एकवचनी असतो. आपला ‘णं’ही तसाच, नपुंसकलिंगी एकवचनी. गाड्या कितीही असोत, त्या ‘चालवणं’ एकच.

हा गोंधळ इंग्रजीच्या स्वभावातला नाही, तो तिच्या इतिहासातून आला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियेच्या नामाला ‘उंग’ किंवा ‘इंग’ लागे आणि ‘करणारा’ या अर्थी ‘एंडे’ हा वेगळा प्रत्यय होता. मधल्या काही शतकांत ‘एंडे’ झिजला आणि त्याचंही काम ‘इंग’च्या गळ्यात पडलं. जुन्या प्रत्ययाचे अवशेष ‘फ्रेंड’ आणि ‘फीन्ड’ या शब्दांच्या शेवटी अजून आहेत. मुळात ते ‘प्रेम करणारा’ आणि ‘द्वेष करणारा’. जर्मनने दोन्ही प्रत्यय सांभाळून ठेवले, म्हणून जर्मन शिकणाऱ्या मराठी मुलांना ही भानगड भेटतच नाही. इंग्रजीचे आजचे मोठे व्याकरणकार तर म्हणतात की रूप एकच असेल तर दोन नावं हवीत कशाला. २००२च्या केंब्रिज व्याकरणाने दोघांना एकत्र बांधून ‘जेरंड-पार्टिसिपल’ असं जोडनावच दिलं. त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. आपण मात्र हा भेद सोडू नये. आपल्याला तो फुकट मिळालाय.

मराठी व्याकरणाचा आरंभही इंग्रजीच्या शेजारीच झाला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापून आलं, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांनी पुढे ठेवला म्हणून पुढच्यांनी त्यांच्यावर टीका केली, आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांनी आपलं जाडजूड शास्त्रीय व्याकरण लिहून पुष्कळशी घडी नव्याने बसवली. इंग्रजी शिकवणारी पुस्तकंही अशीच दोन्हींकडून आली. मराठी घरांत दुसऱ्या एका तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान् पिढ्या घोकली गेली. दुसरीकडे ‘रेन अँड मार्टिन’. त्यातले रेन हे पी. सी. रेन, जुन्या मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातले अधिकारी आणि पुढे साहसी कादंबऱ्या लिहून जगभर गाजलेले. तर्खडकरांचा मार्ग भाषांतराचा. तो जुनाट म्हणून टाकला गेला, पण या एका विषयापुरता तरी तोच सरळ मार्ग आहे असं माझं मत आहे.

जेरंड म्हणजे अर्धं नाम, अर्धं क्रियापद. म्हणजे काय, ते ‘वाचन’ आणि ‘वाचणं’ शेजारी ठेवले की दिसतं. वाचन हे पुरतं नाम : ‘पुस्तकाचं वाचन’, मध्ये ‘चं’ हवा. ‘वाचणं’ला तो लागत नाही : ‘पुस्तक वाचणं’. क्रियापदासारखं त्याने कर्म थेट घेतलं. इंग्रजीतही ‘द रीडिंग ऑफ बुक्स’ आणि ‘रीडिंग बुक्स’. नकारही तसाच. ‘बोलत नाही’ मध्ये ‘नाही’ मागे, पण ‘न बोलणं’ मध्ये ‘न’ पुढे. तिकडे ‘नॉट स्पीकिंग’. आणि कर्त्याचं काय? आपण म्हणतो, ‘त्याचं असं येणं मला आवडलं नाही’. ‘तो येणं’ असं म्हणत नाही. औपचारिक इंग्रजीही हेच म्हणते : ‘हिज कमिंग’. बोलण्यात मात्र पुष्कळ इंग्रज सर्रास ‘हिम कमिंग’ म्हणतात. एच. डब्ल्यू. फाउलर या भाषेच्या कडक पहारेकऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या ‘हिम’वर हल्ला चढवला, त्याला ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ असं नाव ठेवलं. डेन्मार्कचे ऑटो येस्पर्सन उलट बाजूने उभे राहिले आणि इंग्रज असंच बोलतात हे दाखवून दिलं. अर्जात ‘हिज’ लिहा, गप्पांत ‘हिम’ चालेल. मराठी कानाला ‘हिज’च नैसर्गिक वाटेल.

आता खरी अडचण. ‘णं’ची परीक्षा नाव ओळखायला उत्तम, पण वाक्य बनवायला ती पुरी पडत नाही. मराठीत ‘करणं’च्या शेजारी ‘करायला’ही आहे. ‘मला पोहणं आवडतं’ आणि ‘मला पोहायला आवडतं’ यांत आपल्याला फारसा फरक नाही. हिंदीवाला शेजारी दोन्हींकडे ‘तैरना’ म्हणतो, गुजराती ‘तरवुं’. इंग्रजीत ‘लाइक’ला दोन्ही चालतात, ‘लाइक स्विमिंग’ आणि ‘लाइक टू स्विम’. त्यामुळे सगळ्या क्रियापदांना दोन्ही चालतील असं वाटतं, आणि तोंडातून ‘आय एन्जॉय टू स्विम’ निघतं. ते चूक. ‘एन्जॉय’ला ‘इंग’च हवा. ‘अवॉइड’, ‘फिनिश’, ‘माइंड’, ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’, ‘प्रॅक्टिस’, ‘कीप’ यांनाही. उलट ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘रिफ्यूज’, ‘एक्स्पेक्ट’ यांना ‘टू’.

या याद्या पाठ करवल्या जातात आणि परीक्षेनंतर विसरल्या जातात. त्यांच्यामागे एक ढोबळ कल आहे, तो धरला तर निम्मं काम होतं. ‘टू’ मुळात दिशा दाखवणारा शब्द. तो पुढे पाहतो : अजून न घडलेलं, ठरवलेलं, हवं असलेलं. ‘इंग’ घडलेल्याकडे, चालू असलेल्याकडे किंवा नुसत्या कल्पनेकडे पाहतो. इच्छा, आशा, वचन, नकार हे सगळे भविष्याचे व्यवहार, म्हणून ‘टू’. संपवणं, चालू ठेवणं, मजा घेणं यांना हाताशी असलेली क्रिया लागते, म्हणून ‘इंग’. अपवाद आहेत. ‘पोस्टपोन’ भविष्याबद्दलच बोलतो आणि तरी ‘इंग’ घेतो. नियमाने भागतं तितकं भागवावं, उरलेलं कानावर सोडावं.

पण काही क्रियापदं दोन्ही घेतात आणि अर्थ बदलतात. इथे मराठी अशी मदतीला येते की इंग्रजी शिकवणाऱ्यांनी तिचा उपयोग का केला नाही याचं आश्चर्य वाटावं. ‘कुलूप लावल्याचं मला आठवतं’ आणि ‘कुलूप लावायचं लक्षात ठेव’. पहिलं झालेलं, दुसरं व्हायचं. पहिलं ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’, दुसरं ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’. ‘पास काढायला विसरलो’ म्हणजे काढलाच नाही, ‘फरगॉट टू’. ‘तिला पहिल्यांदा भेटल्याचं मी कधी विसरणार नाही’ म्हणजे भेट झाली आहे, ‘फरगेट मीटिंग’. ‘सांगितल्याचा पश्चात्ताप होतो’ हा ‘रिग्रेट टेलिंग’. ‘कळवायला खेद वाटतो’ हा ‘रिग्रेट टू इन्फॉर्म’, नकाराच्या पत्रातला नेहमीचा. म्हणजे सूत्र असं निघतं : मराठीत ‘ल्याचं’ आलं की इंग्रजीत ‘इंग’. वर्तमानपत्रातलं गुन्ह्याचं पान उघडा. आरोपीने चोरी केल्याचं कबूल केलं : ‘ॲडमिटेड स्टीलिंग’. पैसे घेतल्याचं नाकारलं : ‘डिनाइड टेकिंग’. हे वाक्य आपण लहानपणापासून वाचतो आहोत.

‘स्टॉप’चं तसंच. तो बोलायचा थांबला, ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’. तो बोलायला थांबला, ‘ही स्टॉप्ड टू टॉक’. ‘यचा’ आणि ‘यला’ एवढाच फरक, आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध.

‘इंग’ची आणखी एक जागा शब्दयोगी अव्ययांची. इंग्रजीत ते नामाआधी येतात आणि त्यांच्यामागून क्रियापद आलं तर ते ‘इंग’च्याच वेशात यावं लागतं. ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘विदाउट’, ‘बाय’, ‘फॉर’, कुठलंही घ्या. या नियमाला अपवाद जवळजवळ नाही, आणि तरी सर्वांत जास्त चुका इथेच होतात. कारण या एका ‘इंग’साठी मराठीत पाच-सहा रूपं आहेत. येण्याआधी म्हणजे ‘बिफोर कमिंग’. आल्यावर म्हणजे ‘आफ्टर कमिंग’. सराव करून म्हणजे ‘बाय प्रॅक्टिसिंग’. न विचारता म्हणजे ‘विदाउट आस्किंग’. उशीर केल्याबद्दल म्हणजे ‘फॉर बीइंग लेट’. ‘णं’ शोधणाऱ्याला ‘न विचारता’ मध्ये तो सापडत नाही, मग ‘विदाउट आस्क’ असं अर्धवट काहीतरी बाहेर पडतं. ‘ण्यात’ आणि ‘ण्यासारखा’ ही रूपं मात्र सरळ नेतात. स्वयंपाक करण्यात गुंतली आहे : ‘बिझी कुकिंग’. घोडबंदरचा किल्ला पाहण्यासारखा आहे : ‘वर्थ व्हिजिटिंग’.

‘साठी’वर जरा थांबू, कारण मराठी माणसाची इंग्रजी बहुतेक वेळा इथेच पकडली जाते. ‘मी तुम्हाला भेटण्यासाठी आलो’ याचं ‘आय केम फॉर मीटिंग यू’ असं भाषांतर आपल्या तोंडी बसलेलं आहे. प्रत्येक शब्द मराठीशी जुळतो, आणि वाक्य चुकतं. माणसाचा हेतू सांगताना इंग्रजी ‘टू’ वापरते : ‘आय केम टू मीट यू’. वस्तूचा उपयोग सांगताना ‘फॉर’ आणि ‘इंग’ : ही सुरी भाजी चिरण्यासाठी आहे, ‘फॉर कटिंग व्हेजिटेबल्स’. सुरीला हेतू नसतो, उपयोग असतो. खरेदीला जाताना तर ‘फॉर’ही नको. ‘गो शॉपिंग’ पुरे, ‘गो फॉर शॉपिंग’ ही आपली देशी आवृत्ती.

मी देशी आवृत्तीची टर उडवणाऱ्यांपैकी नाही. मुंबईचे इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांनी आपल्याकडच्या ‘इंग’च्या सोसाचं, ‘आय ॲम नोइंग’ छापाच्या बोलण्याचं, कवितेत अमर चित्र काढलं. ते स्वतः बेने इस्राएली, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठीभाषक समाजातले. घरच्या माणसाने केलेली ती थट्टा होती. त्या बोलण्यातला ‘इंग’ मात्र जेरंड नव्हे, तो ‘करतो आहे’चा. दोघांची सरमिसळ करू नये.

शेवटचा सापळा लोकलच्या प्रवाशांना कळेल असा. बोरिवलीला विरार गाडीत चढून भाईंदरला उतरू पाहणाऱ्यावर डब्यातले लोक कसे वैतागतात हे या मार्गावर सगळ्यांना ठाऊक आहे. ‘मी विरार गाडीने जायचो’ हे ‘आय यूज्ड टू ट्रॅव्हल’. सोडून दिलेली गोष्ट. ‘मला गर्दीतून जायची सवय आहे’ हे ‘आय ॲम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग’. दुसऱ्या वाक्यातला ‘टू’ क्रियापदाचा नाहीच, तो शब्दयोगी आहे, ‘सवय कशाची’ मधल्या ‘ची’सारखा. म्हणून त्याच्यामागे ‘इंग’. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘टू’च्या मागे एखादं साधं नाम ठेवून पाहा. ‘यूज्ड टू द क्राउड’ चालतं ना? मग क्रियापदही ‘इंग’ लावूनच येणार. ‘ऑब्जेक्ट टू’ आणि ‘लुक फॉरवर्ड टू’ याच जातीचे. ‘लुक फॉरवर्ड टू द मीटिंग’ चालतं, म्हणून ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’.

तेव्हा पुढचा अर्ज किंवा ईमेल पाठवण्याआधी त्याची शेवटची ओळ एकदा तपासा. बहुतेक ती ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ अशी असेल. ‘हिअर’ला ‘इंग’ जोडा आणि मग पाठवा.